तोंड दिसतंय की पाठ?

हमीदभाई,

तुम्ही गेल्याचं अलकाने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कुठं?" कसे गेलात, कधी गेलात, काही नाही. अलका म्हणाली, "घरीच, ताई. वट्यावर पेपर वाचीत बसलं व्हतं." मी पुढचा प्रश्न विचारलाच, "ओट्यावर म्हणजे पायरीकडं की भिंतीकडं?" आणि तेव्हा माझं मला कळलं, मी काय करते आहे. आता कुणालाच तुमच्यापर्यंत वेळेत पोचायचं नव्हतं, आणि मी पत्ता पक्का करत होते.

तुम्हाला लिहायचं म्हणून मी नेहमीसारखे मुद्दे काढले. अकरा झाले. सकाळी चहा घेताना वाचले आणि नऊ खोडले. रुग्णवाहिकेवर किती वर्षं काढलीत, स्वभाव कसा होता, कुणाकुणाला वाचवलंत, हे जियारतीला, तिसऱ्या दिवशीच्या दुव्याला, आलेलं कुणीही सांगेल. दोन उरले. एक तुम्हाला माहीत आहे, दुसरा नाही. जो माहीत नाही तोच सांगायला बसले आहे, पण मला थेट तिथे पोचता येत नाहीये. तुमच्याच पद्धतीने, खुणा विचारत विचारत येते.

आपली ओळख भांडणातून झाली. तुमची गाडी आमच्या आरोग्य केंद्राच्या आवारात उभी राहायला लागली त्याच आठवड्यात. माझ्याकडे चोवीस आशा. "आशा म्हंजी गावाच्या आरोग्याचं बगनारी बाई, आन गटप्रवर्तक म्हंजी त्या बाईच्या मागं लागनारी बाई," ही व्याख्या तुमची, आणि ती तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्या तोंडावर केलीत. तुमच्या ओळखपत्रावर ड्रायव्हरऐवजी 'पायलट' लिहिलेलं होतं. मी त्यावर हसले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हसा. घरी बायको बी हसती."

तेव्हा मी वाडी-वस्ती रजिस्टर नव्याने आखत होते. वस्तीचं नाव, घरं, गरोदर बाया, फोन नंबर, डीपीचा नंबर. विजेच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, नंबर रंगवलेला असतो आणि डीपी जागची हलत नाही, म्हणून तो कॉलम मला फार आवडायचा. कुणी मदतीला फोन केला की डीपीचा नंबर सांगायचा, आपण रजिस्टर उघडायचं, रस्ता सापडला. मला वाटायचं, पत्त्याचा प्रश्न मी एकटीने सोडवला आहे.

तुम्ही रजिस्टर चाळलंत. एकेक पान थुंकी न लावता उलटलंत, हे मी नोंदवून ठेवलं. मग म्हणालात, "लई झ्याक हाय, ताई. पन घाबरलेल्या मानसाला सोताचं नाव आठवत न्हाई. डीपीचा नंबर कुठनं आठवंल?"

"मग काय लिहू?"

"दारातनं काय दिसतं ते लिवा. एक कॉलम वाढवा."

"पानावर जागा नाही," मी म्हणाले.

पुढे दर वर्षी नवं रजिस्टर आलं की तुम्ही तेच म्हणायचात आणि मी तेच उत्तर द्यायची. आपल्या दोघांचा तो सणच झाला होता.

फोन करणारा माणूस कुठे आहे हे मशीनला कसं कळतं, ते मला तुम्ही चहाच्या टपरीवर समजावलंत. ओला ग्लास बाकावर टेकवलात, उचललात, खाली पाण्याचं वर्तुळ उमटलं. "माणसानं फोन लावला की टॉवर सांगतो, ह्यो या गोलात हाय. गोलात कुठं, ते त्याला बी ठाव न्हाई. पुण्यात टॉवरला टॉवर लागून, म्हून गोल वाटीएवढा. आपल्याकडं टॉवर इरळ, गोल परातीएवढा. आन खोडदच्या अंगाला त्या रेडिओ दुर्बिणीला फोनचा गलका चालत न्हाई, टॉवर आनिकच लांब. तिथं गोल म्हंजी लग्नातली परात." तुमचे वडील गावोगाव कल्हई करत फिरायचे, त्यामुळे मापं सगळी भांड्यांत.

मी म्हणाले, आता नवे फोन स्वतःच ठिकाण पाठवतात. गोल नाही, थेट ठिपका.

"येतो की ठिपका. ज्याच्याकडं तसला फोन हाय त्याचा येतो. म्हातारीकडं बटनाचा फोन, तिचा गोलच. आन ठिपका आला तरी त्याला नदी कुठं म्हाईत हाय? ठिपका म्हनतो, समोर दोनशे पावलं. मदी पानी. पुलावरनं जायचं तर आठ किलोमीटर."

मी ते डायरीत लिहून घेतलं होतं. काल शोधलं, सापडलं. खाली मी कंसात लिहिलंय, 'अतिशयोक्ती?' नंतर मोजलं. आठ नाही, साडेआठ भरलं.

कंट्रोल रूमच्या मुलींची तुम्हाला दया यायची. त्या तिकडे पुण्यात बसून विचारणार, जिल्हा कोणता, तालुका कोणता, गाव कोणतं, जवळची खूण सांगा. आणि इकडून आपला माणूस ओरडणार, "खूण कसली, बाई? आमच्या घरी या की!" ती मुलगी मग फोन तुम्हाला जोडून द्यायची आणि तुमचा आवाज ऐकू यायचा, सावकाश, जणू सोयरीक जमवायला निघालाय. "भाऊ, पयलं दारात या. आलात? आता सांगा, काय दिसतंय?"

डिंगोऱ्याचा तो जावई आठवतो का? सासुरवाडीला आलेला, सासरा न्हाणीत पडलेला, बायको आणि सासू रडतायत, आणि या पाव्हण्याला आपण कुठल्या आळीत आहोत हेच माहीत नाही. मी तुमच्या शेजारी उभी होते.

"पावणं, काय दिसतंय?"

"भिंत."

"बरं. ऐकू काय येतंय?"

"गिरणी चालू आहे."

"पिठाची का मिरचीची?"

"मला काय कळणार हो!"

"नाकाला काय होतंय?"

तिकडून तो सटासट दोनदा शिंकला आणि तुम्ही गाडी सुरू केलीत. "मिरची कांडप. मारुतीच्या मागची आळी. आलोच." सासरा वाचला. जावयाला मात्र त्या गावात अजून शिंक्या पाव्हणा म्हणतात.

मी तेव्हा म्हणाले, "योगायोग आहे." तुम्ही म्हणालात, "मग तुमच्या रजिस्टरात कांडप कुठल्या पानावर हाय?" नव्हतं. मी विषय बदलला.

पण तुमची खरी विद्या खोडदच्या बाजूची. तिथला प्रत्येक माणूस सांगणार, "डिशपाशी." आणि डिश एक आहे का? रेडिओ दुर्बिणीच्या त्या भल्यामोठ्या डिश, शिवारात जिकडे मान वळवावी तिकडे एखादी उभी. नवा माणूस तिथेच गारद व्हायचा. तुम्ही मात्र दुसरा प्रश्न विचारायचात: "तिचं तोंड दिसतंय की पाठ?"

मला तो प्रश्न ऐकून हसू यायचं. एकदा तुम्ही मला गाडीत बसवून दाखवलंत. या सगळ्या डिश सहसा एकाच वेळी एकाच दिशेला मान वळवतात, आभाळातलं जे काय बघायचं असतं ते सगळ्या मिळून बघतात. म्हणजे रस्त्यावरून एक डिश बघितली की सगळ्यांची तोंडं कुठे आहेत ते कळलं. आता डिशचं तोंड मावळतीला असेल आणि माणूस म्हणाला मला तोंड दिसतंय, तर तो डिशच्या मावळतीला. पाठ दिसतेय म्हणाला, तर उगवतीला. "गोल निम्मा झाला का न्हाई? परातीची झाली कढई." आणि एखाद्या दिवशी सगळ्या डिश सरळ आभाळाकडे तोंड करून बसल्या, की तुम्ही हात जोडायचात. "आज माजी सुट्टी. आज तुमचं रजिस्टर काढा."

एवढ्यापर्यंत आले, हमीदभाई. आता पुढची खूण मला सांगायची नव्हती.

ती दुपार. कांद्याची काढणी चालू होती. नदीकाठच्या रानात संगीता शेटे कांदा उपटत होती आणि पातीखाली बसलेल्या घोणसाने तिच्या उजव्या हाताला चावा घेतला. नवरा कांदा घेऊन मंचरच्या बाजाराला गेलेला. घरात फक्त सासू, तिच्याकडे बटनाचा फोन. तिने मदतीचा नंबर लावला. टॉवरने गोल दिला, लग्नातल्या परातीएवढा, त्यात नदीचे दोन्ही काठ. कंट्रोल रूमने फोन तुम्हाला जोडला. म्हातारी म्हणाली, "शेटेमळा." तुम्ही तुमचा प्रश्न विचारलात. म्हातारी म्हणाली, "पाठ." आणि फोन कटला. मग लागेचना.

तुम्ही गाडी चालू ठेवून मला फोन केलात. मी टेबलाशीच होते. रजिस्टर उघडलं, पान सापडायला मला दहा सेकंद लागले नसतील, आणि त्या दहा सेकंदांचा मला अभिमान वाटला हेही इथे लिहून ठेवते. शेटेमळा, एकच नोंद. नदीच्या अलीकडे, डीपीचा नंबर, चिंचेखालून डावीकडे.

तुम्ही म्हणालात, "ताई, जरा थांबा. मला रस्त्यावरनं डिश दिसत्यात. तोंडं समदी मावळतीला हायती. अलीकडचा शेटेमळा बी डिशच्या मावळतीला. तितनं तोंड दिसाया पायजे. म्हातारी पाठ म्हनती."

मी काय म्हणाले ते तुम्ही पुढे कधी उच्चारलं नाहीत. मी उच्चारते. मी म्हणाले, "हमीदभाई, डिशवर विश्वास ठेवायचा की रजिस्टरवर? वेळ घालवू नका."

तुम्ही अलीकडे गेलात. चिंचेखालून डावीकडे. तिथल्या माणसाने सांगितलं, इथे कुणाला काही चावलेलं नाही, पलीकडचे शेटे बघा. मग माघारी, पूल, वळसा. पंचवीस मिनिटं जास्त गेली. संगीता वाचली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. कांद्याची कामं सोडली तर एरवी ती ब्लाऊज शिवायची. गावातल्या निम्म्या बायका तिच्याकडे यायच्या.

शेटेमळे दोन आहेत हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. भाऊ वेगळे झाले, धाकटा नदीपलीकडे राहायला गेला, आणि जाताना मळ्याचं नाव घेऊन गेला. जमीन इथेच राहिली, तिचंही नाव शेटेमळाच राहिलं. आपल्याकडे वस्तीचं नाव जमिनीला नसतं, माणसांना असतं. माणसं उठली की तेही उठतं.

गावाने तुम्हाला फैलावर घेतलं. वरून खुलासा मागवला गेला. तुम्ही एका ओळीत लिहून दिलंत, 'सदर कॉलच्या वेळी माझ्याकडून रस्ता चुकला.' त्याची एक प्रत आमच्या केंद्रात आली. मी ती वाचली, पंच मारला आणि फाईलला लावली. अनुक्रमणिकेत नोंदही केली.

तुमची मंचरला बदली झाली. मी भेटायला आले ते दीड महिन्याने, मीटिंगचं निमित्त काढून. हायवेवर ट्रक धडाडत होते, ग्लासातला चहा थरथरत होता. तुम्ही म्हणालात, "हितं काय, दगडावर आकडा लिवल्याला असतो. कुनी बी पोचंल. करमत न्हाई बगा."

मी विचारलं, "असं का लिहून दिलंत? रस्ता तुम्ही चुकला नव्हतात."

तुम्ही ट्रककडे बघत म्हणालात, "पायलट चुकला तर पायलट बदलत्यात, ताई. यादी चुकली म्हनलं तर यादी बंद करत्यात. तुमच्या चोवीस पोरी उन्हातान्हात हिंडून लिवत्यात ती."

"तुम्ही तर त्या यादीला कायम हसता."

"हसतो. हसायची वस्तू जपायची नसती का?"

मी तेव्हा बोलायला तोंड उघडलं होतं. "पण हमीदभाई, ती नोंद—" एवढंच निघालं. तुम्ही म्हणालात, "चहा घ्या, निवतोय." आणि मी चहा घेतला. फार पटकन घेतला.

तर हा दुसरा मुद्दा. तुम्हाला वाटत होतं, यादीत एक नोंद राहून गेली. माणसाच्या हातून राहतंच. पण ती राहून गेली नव्हती. त्या घटनेच्या आधी वर्षभर तिकडची आशा म्हणून अलकाने मला लिहून दिलं होतं: 'शेटेमळा (पलीकडचा), तीन घरं.' मी तिला म्हणाले, एकाच नावाच्या दोन नोंदी नकोत, गोंधळ होतो. ती म्हणाली, "पन ताई, लोक दोन्हीला तसंच म्हनत्यात." मी म्हणाले, "लोक काहीही म्हणतील." आणि लाल पेनाने, पट्टी लावून, ती ओळ खोडली. समासात लिहिलं, 'डबल नोंद.' तुम्ही नोकरीतला एक काळा शेरा पत्करून जी यादी वाचवलीत, ती अपुरी नव्हती, हमीदभाई. ती पुरी होती. मी तिला नीटनेटकी केली होती.

जुनं रजिस्टर माझ्याच कपाटात आहे. तुम्ही मंचरहून परत आलात, पुढे कितीतरी वर्षं शेजारच्या खोलीत तुमची खुर्ची होती. तुम्ही माझ्या आशांना शिकवलंत की घाबरलेल्या माणसाला कुठे आहेस विचारायचं नाही, काय दिसतंय विचारायचं. माझ्या आईला धाप लागली तेव्हा फोनवर मी स्वतःच्या घराचा पत्ता चुकीचा सांगितला, मी, आणि तुम्ही हसलासुद्धा नाहीत. म्हणालात, "ताई, दारात या. काय दिसतंय?" अशा कितीतरी वेळा मला हे सांगता आलं असतं. मला वाटायचं, आता सांगून काय उपयोग. खरं कारण ते नव्हतं. तुमच्या नजरेतली माझ्या रजिस्टरची किंमत मला कमी होऊ द्यायची नव्हती.

जियारतीला तुमच्या घरी बायकांनी खोली भरली होती. भाभी माझा हात सोडत नव्हत्या. तेवढ्यात एक बाई सहज बोलून गेली, "गुनाचा मानूस. सगळ्या आयुक्षात एकदाच तेवढा रस्ता चुकला." तुमची नाझनीन चहाचे कप गोळा करत होती. थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही तेव्हा होता ना? अब्बा खरंच चुकले होते?"

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले, "नंतर बोलू, बाळा."

एवढी माणसं, तुमचं घर, तुमची पोर, आणि तिथेही मी चहाच्या ग्लासामागे लपले. त्या दिवशी घरी आले ते ठरवूनच. नाझनीनला सांगायचं, पण तिच्या आधी एका बाईचा हक्क होता.

दुसऱ्या दिवशी अलकाला घेऊन शेटेमळ्यात गेले, पुलावरून, वळसा घालून. संगीता दारात मशीनवर बसलेली. डाव्या हाताने कापड सरकवते आता, उजव्याच्या तीन बोटांनी धरते. म्हातारी बाहेर खाटेवर. मी उभ्यानेच सांगितलं, सगळं, लाल पेनासकट. मला वाटलं होतं आधी संगीता बोलेल. बोलली म्हातारी.

"म्हंजी मी पाठच म्हनले व्हते?"

"हो, आजी."

"मला वाटायचं, घाबरून मी तोंडाला पाठ म्हनले. इतकी वर्सं मी हिच्या हाताकडं बगितलं न्हाई नीट. म्हनलं, आपल्या जिभेनं झालं."

"तुम्ही बरोबर सांगितलं होतं. त्यांनीही बरोबर ऐकलं होतं. मी ऐकलं नाही."

मी तुम्हाला आणि मला, दोघांनाच ते ओझं होतं असं समजत होते. तिसरं माणूस त्या खाटेवर बसलेलं होतं.

संगीताने मशीन थांबवलं. "हमीदभाई दर वर्साला ईद झाली की यायचं," ती म्हणाली. "भाभींचं ब्लाऊजचं कापड घिऊन. जुन्नरात काय शिंपी न्हाईत? पयल्या साली मला शिवाया बी येत नव्हतं नीट, बाही तिरकी गेली, तरी घिऊन गेलं. म्हनलं, लई झ्याक झालंय. आन मी त्या साली त्यास्नी चहा बी इचारला न्हाई. ह्यांनी तर गाडीच्या काचेवर हात मारला व्हता तवा." मग माझ्याकडे बघत, आवाज न चढवता म्हणाली, "आता सांगताय, ताई. आता त्यो चहा मी कुनाला देऊ?"

तिने मला चहा विचारला नाही, आणि ते बरोबर होतं.

निघताना मी रजिस्टर काढलं. हात रिकामे असले की मला काही सुचत नाही, तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, पुढे कधी गरज पडली तर नोंद पक्की असावी. 'शेटेमळा, पलीकडचा' असं लिहायला घेतलं, तशी संगीता म्हणाली, "पलीकडचा कुनाचा? तुमच्याकडनं पलीकडं. हितनं तुमीच पलीकडं." अलकाला हसू आलं, तिने तोंडावर पदर धरला. मी ते खोडलं. पट्टी न लावता. आणि विचारलं, "दारातून काय दिसतं?"

म्हातारी खाटेवरून सांगायला लागली. "लिव. समोर नदी. काठाला वाकल्याली बोर. निळी टाकी. तिच्या मागं कांद्याची चाळ." मी लिहीत होते. नदीपल्याड एक डिश उभी होती. मी विचारलं, "आणि डिश? लिहू का, पाठ दिसते म्हणून?"

"तिचं नगं लिवू," म्हातारी म्हणाली. "ती फिरती. ते ज्या त्या येळंला इचारायचं असतं."

हमीदभाई, आपलं इतक्या वर्षांचं भांडण तिने खाटेवर बसल्या बसल्या मिटवलं. निम्मं तुमच्या बाजूने, निम्मं माझ्या.

नाझनीनला त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि आत जाऊन भाभींना बाहेर घेऊन आली. म्हणाली, "आता अम्मीसमोर परत सांगा." मी परत सांगितलं. भाभी एवढंच म्हणाल्या, "तिरक्या बाहीचा ब्लाऊज मी अजून घालते. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही." वरच्या कार्यालयातही पत्र दिलं आहे. तिथले क्लार्क म्हणाले, "मॅडम, ही फाईल कधीच बंद झाली. आता याचं काय करू?" मी म्हणाले, उघडा आणि हमीदभाईंच्या ओळीखाली माझी लावा: 'रस्ता चुकला नव्हता. नोंद मी खोडली होती.' पोच घेतली आहे. शिक्का आहे. माझ्यावर काय व्हायचं ते होईल. चोवीस जणींनाही बसवून सांगितलं. यादी कुणी सोडली नाही. उलट त्या दिवसापासून मला रोज दोन-चार चिठ्ठ्या येतात: ताई, आमच्याकडेपण एका नावाच्या दोन वस्त्या आहेत.

नवं रजिस्टर आखायला घेतलं आहे. 'दारातून काय दिसतं' हा कॉलम घातला. आधी वाटलं, बसणार नाही. मग समासाची रेघ दोन बोटं डावीकडे सरकवली. त्या समासात मी आजवर काय लिहीत आले? 'डबल नोंद.' 'तपासले.' 'बरोबर.'

पानावर जागा होती, हमीदभाई. मी समास फार मोठा सोडत होते.